युरोपचे प्रबोधन आणि कष्टकरी माणूस
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



समितीने मला विषय दिला तो युरोपातल्या प्रबोधनकाळाचा. शाळेच्या पुस्तकात हा विषय दोन-चार पानांत संपतो. लिओनार्दोची मोनालिसा, कोलंबसचे जहाज, गुटेनबर्गचा छापखाना, ल्यूथरची धर्मसुधारणा. एवढे पाठ केले की मार्क मिळतात. पण आपल्याला तो तेवढ्यावर सोडता येत नाही, कारण त्यातला एक दाखला खुद्द बाबासाहेबांनी दिलेला आहे. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. आयोजकांना ते पचले नाही, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढले. त्यात त्यांचे म्हणणे असे की, राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती झालेली असते. आणि पहिला दाखला देतात तो ल्यूथरचा. ल्यूथरने सुरू केलेली धर्मसुधारणा ही युरोपातल्या जनतेच्या राजकीय मुक्तीची पूर्वगामी होती, असे ते म्हणतात.

आता हिशेब करा. ल्यूथर उभा राहिला १५१७ साली. आणि त्याच जर्मन मुलखातल्या शेतकऱ्याच्या मानेवरची भूदासी कायद्याने उठली कधी? प्रशियातला हुकूम १८०७ चा, बव्हेरियातला १८०८ चा. मधली जवळजवळ तीनशे वर्षे कुठे गेली? हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रबोधनकाळ समजत नाही, असे माझे मत आहे. म्हणून आज चित्रांची आणि जहाजांची नावे थोडी घेईन, माणसांची जास्त.

ल्यूथरकडे जायचे तर आधी इटलीत जावे लागते. तिथले फ्लॉरेन्स शहर ही प्रबोधनाची राजधानी मानतात. हे मुळात कापडाचे गाव. बाहेरून लोकर आणायची, धुवायची, झोडपायची, पिंजायची, कातायची, विणायची, रंगवायची आणि तयार कापड देशोदेशी विकायचे. मी स्वतः गिरणीत कार्डिंग खात्यात काम केलेला माणूस. पिंजणे म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तंतू सुटा करायचा, सरळ करायचा, कचरा काढायचा, आणि तो कचरा नाकातोंडात घ्यायचा. फ्लॉरेन्समध्ये लोकर-व्यापाऱ्यांचा मोठा संघ होता. त्या काळी शहराच्या राज्यकारभारात शिरायचे तर अशा कुठल्या तरी संघाचे सभासद असावे लागे. पिंजणाऱ्या, धुणाऱ्या, झोडपणाऱ्या कामगाराला लोकर-संघात जागा नव्हती. पण कायदा मात्र त्याच संघाचा त्याच्यावर चाले. संघाचा अधिकारीच त्याला शिक्षा करी. आणि स्वतःचा वेगळा संघ काढायला सक्त मनाई!

१३४५ साली च्यूतो ब्रांदिनी नावाच्या एका पिंजाऱ्याने ती मनाई मोडली. सभा घेतल्या, माणसे जोडली. त्याला पकडले आणि फासावर दिले. त्याला सोडा म्हणून कामगारांनी काम बंद ठेवले होते. आपण युनियनचा इतिहास सांगताना इंग्लंडच्या गिरण्यांपासून सुरुवात करतो. हा माणूस त्याच्या कितीतरी आधीचा आहे, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हरकत नाही.

पुढे १३७८ च्या जुलैत हे पिंजारी उठले. त्यांना तिथे 'च्योम्पी' म्हणत. त्यांनी शहराचा राजवाडा घेतला आणि मिकेले दि लांदो या लोकर-कामगाराला शहराच्या सर्वोच्च पदावर बसविले. इतिहासकार मॅकियाव्हेली लिहितो की, तो अनवाणी होता. तीन नवे संघ निघाले, त्यातला एक थेट या तळच्या कामगारांचा. किती दिवस टिकला? ऑगस्ट संपता संपता तो मोडला, आणि मोडणाऱ्यांच्या बाजूने लढायला हाच मिकेले दि लांदो उभा होता. खुर्ची मिळाली की आपला माणूस कुणाचा होतो, हे मी इथं वेगळं सांगायला नको. १३८२ पर्यंत उरलेले दोन नवे संघही गेले.

आता कलेकडे येतो. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाची जबाबदारी १३३१ पासून याच लोकर-संघाकडे होती. त्याचा जगप्रसिद्ध घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभा केला. चाळीस लाखांहून जास्त विटा लागल्या असा अंदाज सांगतात. जमिनीपासून लाकडी आधार न उभारता एवढा घुमट उभा केला. बुद्धीला तोड नाही. पण वसारी नावाच्या लेखकाने १५५० साली कलावंतांची चरित्रे छापली, त्यात एक गोष्ट आहे. गवंड्यांनी मजुरीसाठी काम अडविले तेव्हा ब्रुनेलेस्कीने लोंबार्डीहून दुसरी माणसे आणली, आणि जुने गवंडी परत आले तेव्हा त्यांना पहिल्यापेक्षा कमी मजुरीवर घेतले. वसारीने हे त्याच्या हुशारीचे उदाहरण म्हणून सांगितले आहे! मायकेलअँजेलोचा डेव्हिड, सतरा फुटांचा संगमरवरी पुतळा, त्याचा १५०१ चा करारही लोकर-संघाच्या प्रमुखांनी आणि चर्चच्या बांधकाम मंडळाने मिळून केला. म्हणून डेव्हिड वाईट का? मुळीच नाही. माणसाचे शरीर एवढ्या सन्मानाने दगडात आणले, ते बघून छाती भरून येते. माझे म्हणणे एवढेच की, त्या दगडात पिंजाऱ्याचाही घाम आहे आणि पाटीवर त्याचे नाव नाही.

फ्लॉरेन्सची सत्ता पुढे मेदिची या सावकार घराण्याकडे गेली, आणि त्याच घराण्यातला एक मुलगा १५१३ साली पोप झाला, दहावा लिओ. रोमला सेंट पीटरचे नवे भव्य चर्च बांधायला घेतलेले होते, त्याला पैसा हवा. मग जर्मनीत पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायला काढल्या. पैसे भरा, मेलेल्या आईबापाचे परलोकातले हाल कमी करा. यातली आतली गोष्ट ऐका. आल्ब्रेख्त नावाच्या एका सरदारपुत्राला माइन्त्सचे आर्चबिशपपद हवे होते. ते मिळवायला रोमला मोठी रक्कम द्यावी लागली, ती त्याने आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराकडून कर्जाऊ काढली. चिठ्ठ्यांच्या विक्रीतला अर्धा पैसा रोमला आणि अर्धा या कर्जफेडीला, असा सौदा ठरला. गरिबाने आईच्या सद्गतीसाठी दिलेले नाणे सावकाराच्या वहीत जमा!

हा फुगर कोण? त्याचा आजा हान्स १३६७ साली आउग्सबुर्गला आलेला एक विणकर. तिसऱ्या पिढीत नातू तांब्या-चांदीच्या खाणींचा धनी. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राट म्हणून निवडून आणायला सुमारे साडेआठ लाख नाणी मतदार राजेरजवाड्यांना वाटली गेली, त्यातली पाच लाखांहून अधिक याची. समुद्रपर्यटनातही त्याचा हात होता. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला हे सगळे सांगतात. पण १५०५ साली आल्मेदाबरोबर पोर्तुगालचे जे आरमार हिंदुस्थानकडे निघाले, ज्याने आपल्या गोव्याजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला, त्यातल्या तीन जहाजांत आउग्सबुर्गच्या सावकारांचा पैसा होता, त्यात फुगरही होता. म्हणजे चर्च, सम्राट आणि जहाज, तिन्ही एकाच तिजोरीला बांधलेली.

अशा वेळी ल्यूथरने १५१७ मध्ये चिठ्ठ्यांच्या धंद्यावर ९५ मुद्दे काढले. त्याचे मोठेपण कमी लेखू नका. १५२१ मध्ये सम्राटापुढे उभे करून विचारले, लिहिलेले मागे घेतोस का? त्याने नाही म्हटले. जीव जाऊ शकत होता. मग लपून राहून त्याने बायबलचा नवा करार सामान्य जर्मन माणसाच्या भाषेत उतरविला. १५२२ मध्ये तो छापला गेला. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची जात नको, प्रत्येक श्रद्धावान हा पुरोहितच, असे त्याने लिहिले. ग्रंथ ज्यांच्या कपाटात बंद होता त्यांच्या हातून तो काढून घेतला. याची किंमत आपल्याइतकी कुणाला कळणार?

पण एकदा ग्रंथ शेतकऱ्याच्या झोपडीत गेला की तो काय वाचील, हे ग्रंथ देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

१५२४ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या दक्षिणेला श्ट्यूलिंगेन भागात शेतकरी उठले. असे सांगतात की, ऐन सुगीत तिथल्या सरदाराच्या बायकोने हुकूम काढला: शेतातले काम टाका आणि गोगलगायींचे शंख गोळा करा. कशाला? तिला सूत गुंडाळायला! आपण बॉबिनवर गुंडाळतो, तिला शंखावर हवे होते. पीक उन्हात उभे आणि माणसे शंख वेचताहेत.

बंड पसरत गेले. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन गावात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले आणि बारा कलमे तयार झाली. ती लिहिणारा झेबास्टिआन लोत्सर हा केसाळ कातड्याचे कपडे शिवणारा कारागीर. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, स्वतः वाचून शहाणा झालेला. माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटतो तो त्यामुळेच. दोनेक महिन्यांत त्या कलमांच्या सुमारे पंचवीस हजार प्रती छापल्या गेल्या. त्या काळात, बरं का!

काय होते त्यात? गावाने आपला धर्मगुरू स्वतः निवडावा आणि नालायक ठरला तर काढावा. धान्याच्या दशमांशातून त्याचे पोट भरावे आणि उरलेले गावातल्या गरिबांना द्यावे. नदीतली मासळी, रानातले लाकूड यांवर गावाचाही हक्क असावा; बळकावलेली गायराने परत करावीत. वेठ वाढवू नये. माणूस मेला की सरदार विधवेच्या दारात येऊन चांगले जनावर नेई, ती पद्धत बंद व्हावी. आणि तिसरे कलम असे की, येशूने आपले रक्त सांडून सगळ्यांनाच सोडविले, गुराख्याला आणि मोठ्यातल्या मोठ्यालाही. मग आम्ही कुणाची मालमत्ता कसे? बाराव्यात शेवटी म्हणतात, यातले काही ग्रंथाच्या आधारे चुकीचे दाखवा, आम्ही ते मागे घेऊ. ज्याच्यावर डुक्कर-बैलासारखी मालकी सांगितली जात होती तो माणूस असे बोलतो, चर्चेला बोलावतो!

ल्यूथरने उत्तर दिले. आधी त्याने राजेरजवाड्यांनाही झाडले, तुमच्या लुबाडणुकीने हे ओढवले म्हणाला; ते नोंदविले पाहिजे. पण तिसऱ्या कलमावर तो म्हणतो की, हे ख्रिस्ती स्वातंत्र्याला देहाचे स्वातंत्र्य करून टाकणे आहे. अब्राहामाच्या पदरीही गुलाम होतेच. माणसामाणसांत असमानता असल्याखेरीज जगाचे राज्य चालू शकत नाही. कुणी स्वतंत्र, कुणी बंदिस्त, कुणी मालक, कुणी ताबेदार. बंधू-भगिनींनो, ही भाषा कुठे ऐकल्यासारखी वाटते का? आत्मा मुक्त आणि पाठीवर ओझे तसेच! मे महिन्यात तर त्याने बंडखोरांना दिसेल तिथे भोसका, ठार करा अशी पुस्तिका काढली. तीही छापूनच.

१५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनला हजारो शेतकरी एका दिवसात कापले गेले. त्यांचा पुढारी थॉमस म्युन्त्सर, जो पूर्वी विणकरांच्या झ्विकाउ गावात प्रवचने देत असे, त्याचे हाल करून शिर उडविले. दक्षिणेत सरदारांच्या फौजेला पैसा पुरविणाऱ्यांत फुगर होताच. एकूण मेलेल्यांचा अंदाज सत्तर हजार ते एक लाख.

आणि कलावंत? योर्ग राटगेब हा चित्रकार शेतकऱ्यांच्या बाजूने गेला. १५२६ मध्ये त्याचे चार तुकडे करून मारले. लाकडात जीव ओतणारा शिल्पकार रीमेनश्नायडर तुरुंगात छळला गेला. आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ च्याच आपल्या भूमितीच्या पुस्तकात शेतकऱ्यांवरील विजयाचे एक स्मारक काढून दाखविले आहे. खाली बांधलेली गुरे, वर धान्याची पेटी, दुधाचे भांडे, कोंबड्यांचा खुराडा, अवजारांची पेंढी, आणि सर्वांत वर गालाला हात लावून बसलेला शेतकरी. त्याच्या पाठीत तलवार खुपसलेली. ड्यूरर हसत होता की रडत होता यावर विद्वान आजही वाद घालतात. मी ते चित्र पुस्तकात पाहिले आहे. पाठीत तलवार काढणाऱ्याला ठाऊक असते की वार समोरून झालेला नाही.

म्हणून बाबासाहेबांचा शब्द नीट बघा. ते ल्यूथरच्या सुधारणेला पूर्वगामी म्हणतात. पूर्वगामी म्हणजे आधी येणारी. मनावरचा पुरोहित उतरविण्याचे काम तिने केले. शेत, लाकूड, वेठ आणि मालकी यांचे काम तिने केले नाही, उलट ते करू पाहणाऱ्यांचा बळी दिला. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात तर ठरले की, राजाचा जो पंथ तोच प्रजेचा. गावाने धर्मगुरू निवडावा हे पहिले कलमही गेले.

लोत्सर जीव वाचवून स्वित्झर्लंडच्या बाजूला सेंट गालेनला पळाला. पुढे त्याचे काय झाले याची नोंद सापडत नाही. फुगर १५२५ च्या डिसेंबरात आपल्या वाड्यात, भरल्या तिजोरीनिशी वारला. बारा कलमे मात्र छापलेली असल्यामुळे जाळून संपली नाहीत. २०२५ मध्ये त्यांना पाचशे वर्षे झाली.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखविले आहे. तरुणांना प्रश्न असतील तर खाली सतरंजीवर बसून बोलू. जय भीम!