मूल बिघडलं की आईचंच वळण वाईट?

(महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आपल्या बैठकीत नवऱ्याच्या, सासरच्या, रेशनच्या तक्रारी मोकळेपणी निघतात. मुलाच्या वागण्याची गोष्ट मात्र बाई हळूच, बाजूला घेऊन सांगते. "सात वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करतो." कारण घरात निवाडा आधीच झालेला असतो : आईनं वळण लावलं नाही. मूल शहाणं निघालं तर घराण्याचं नाव, बिघडलं तर आईचा दोष. ही वाटणी आज तपासून बघू.

आधी अंथरुणाचं. पाच वर्षांपर्यंत झोपेत लघवी होणं हा आजार धरतच नाहीत. पाचव्या वर्षीही साधारण सातांतल्या एका मुलाला हे होतं आणि वयाबरोबर बहुतेकांचं थांबतं. पुष्कळदा आईला किंवा बापाला लहानपणी हेच झालेलं असतं. सासूबाईंना विचारून बघा! मूल हे मुद्दाम करत नाही, झोपेत त्याला कळतच नाही. मग चटका देऊन, चारचौघांत लाजवून काय साधणार? पाणी दिवसभर भरपूर द्या, संध्याकाळनंतर कमी. रात्री चहा नको. झोपण्याआधी लघवीला पाठवा, आणि गेलं की शाबासकी द्या. शौचाला खडा होत असेल तर त्यावर आधी उपाय करा. आणि ओली चादर धुणं हे काही आईच्याच नशिबी लिहिलेलं नाही, बापानंही धुवावी.

पण सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर कारण शोधा. लघवीला जळजळ, ताप असेल तर डॉक्टरकडे न्या. एकाएकी फार तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं दिसलं, तर एक दिवसही थांबू नका, तो मधुमेह असू शकतो. यातलं काही नसेल तर घराकडे, शाळेकडे बघा. नवं बाळ आलंय का? घरात मारहाण होते का? कुणी मुलाच्या अंगाशी चाळे करतंय का? प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही, पण शांतपणे विचारा आणि मूल सांगेल त्यावर विश्वास ठेवा. २०१२चा पॉक्सो कायदा मुलगी आणि मुलगा दोघांसाठी आहे.

आता हट्ट. दोन-तीन वर्षांच्या मुलाला राग मोठ्या माणसाएवढा येतो, सांगायला शब्द मात्र नसतात. भूक, झोप, दमणूक झाली की ते जमिनीवर लोळतं. अशा वेळी व्याख्यान देऊ नका. लागणार नाही एवढं बघा, जवळ थांबा. जे नाही म्हटलं ते रडण्यासाठी देऊ नका, नाही तर रडलं की मिळतं हे ते शिकतं. आणि 'नाही' सगळ्या घराचं एक हवं. आईनं नाही म्हणायचं आणि बापानं लगेच दुकानात न्यायचं, यातून मूल एवढंच शिकतं की आईच्या शब्दाला किंमत नसते.

मार वरून खाली उतरत येतो. दिवसभर राबून, बोलणी खाऊन बाईचा हात मुलावर पडतो. मूल तोच हात धाकट्यावर उगारतं. म्हणून बाईवरचा मार थांबवणं हाही मुलाच्या वागण्यावरचा उपाय आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागता येतो, मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन आहे.

एकटी आई मास्तरांकडे गेली तर तिलाच चार गोष्टी ऐकाव्या लागतात. पाचजणी मिळून जा. मारण्याबद्दल विचारा आणि शाळेचं संडास उघडून बघा. ते घाण असलं, कुलूपबंद असलं, तर मुलं, विशेषतः मुली, दिवसभर लघवी दाबून ठेवतात. यात आईच्या वळणाचा काय संबंध?