‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी महागाईवर किंवा संपावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदांचा. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली! माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते जुन्या बाजारातून आणलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून, पाळी संपल्यावर. तेव्हा व्याकरण शिकवण्याचा अधिकार मला नाही. परंतु व्याकरणातल्या एका चुकीची किंमत किती असते हे मी पाहिले आहे, आणि तेवढ्याच बळावर आपल्यापुढे उभा आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात आमचा वेतनकरार झाला. बोलणी मराठीत झाली. रात्रपाळीचा भत्ता कंपनी देईल, असे समोरासमोर ठरले. मसुदा मात्र इंग्रजीत टाइप होऊन आला. त्यात शब्द होते, ‘द कंपनी मे पे’. मी ते वाचले. न वाचता सही केली असती तर निदान तेवढे निमित्त तरी सांगता आले असते. मी वाचले, मनातल्या मनात ‘कंपनी देईल’ असे भाषांतर केले आणि सही केली. पहिल्या महिन्यात भत्ता आला नाही. मी तावातावाने व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी कराराची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि ‘मे’ या शब्दावर पेन्सिल टेकवली. करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे माणसे रात्री जागली, भत्ता मिळाला नाही. आमच्यातल्या एका वयस्क कामगाराने मला विचारले, “भाऊ, एवढासा शब्द, तो तुम्हाला कळला नाही?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

असे का झाले? मराठीत हे काम क्रियापद स्वतःच करते. ‘देईल’, ‘द्यावा’, ‘देता येईल’, ‘दिलाच पाहिजे’, असे रूप बदलले की अर्थ बदलतो आणि तो कानाला लगेच कळतो. इंग्रजीत ‘पे’ हे क्रियापद जागचे हलत नाही. सारा भार त्याच्याआधी येणाऱ्या लहानशा शब्दावर पडतो. आपली नजर मात्र मोठ्या शब्दांवर असते. भत्ता, कंपनी, रात्रपाळी हे शब्द आपण तपासतो आणि ‘मे’ निसटून जातो.

म्हणून या मंडळींची ओळख करून घेऊ. ‘कॅन’ म्हणजे करू शकतो. ते सामर्थ्य सांगते. ‘मे’ म्हणजे करण्याची मुभा आहे, किंवा कदाचित होईल. ‘शुड’ म्हणजे करणे योग्य. ‘मस्ट’ म्हणजे केलेच पाहिजे. आणि ‘शॅल’, करारात व कायद्यात तृतीय पुरुषी कर्त्यापुढे आला, तर बहुधा बंधन घालतो. यांच्यामागे मूळ क्रियापद जसेच्या तसे येते. ‘ही मस्ट टू गो’ असे आपण सर्रास लिहितो, ते चूक; ‘ही मस्ट गो’ हे बरोबर.

नकार आला की अधिक सावध राहावे. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येता कामा नये. ‘यू नीड नॉट कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. एकात मनाई आहे, दुसऱ्यात सवलत. ‘मस्ट’चा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. ‘यू मस्ट हॅव लेफ्ट द मशीन’ असे आरोपपत्रात आले, तर त्याचा अर्थ ‘तुम्ही यंत्र सोडून गेलाच असाल’ एवढाच. तो तर्क झाला. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, हे विचारण्याचा आपला हक्क तिथे शाबूत असतो. पुष्कळ कामगार तो तर्क म्हणजे पुरावाच समजून माफीपत्र लिहून मोकळे होतात.

दोष सगळा इंग्रजीचा नाही. आपले ‘करावे’ हे रूपही मोठे लवचीक आहे. ‘कामगारांनी आठ वाजता हजर राहावे’ हा हुकूम, विनंती की उपदेश? ‘शुड’ आणि ‘शॅल’ दोन्हींचे भाषांतर आपण ‘करावे’ असेच करतो, आणि दोघांतले अंतर तिथेच बुडते.

आता कायद्याकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या बाराव्या कलमात एकाच वाक्यात हे दोन्ही शब्द होते. विवाद उद्भवला तर समेट अधिकाऱ्याने समेटाचे काम चालवण्यासाठी ‘मे’. पण लोकोपयोगी सेवेत संपाची नोटीस दिली गेली असेल तर ‘शॅल’. म्हणजे गिरणीतल्या कामगाराला अधिकाऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागे आणि पाणीपुरवठ्यातल्या कामगाराच्या नोटिशीनंतर अधिकाऱ्याला बसावेच लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, समेटाच्या कलमात सर्वांसाठी ‘शॅल’ घातला. त्या संहितेवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, पण हा बदल नोंदवलाच पाहिजे.

तरीही ‘शॅल’ दिसला की निश्चिंत होऊ नये. राज्यघटनेच्या ३२० व्या अनुच्छेदात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी ‘शॅल’ आहे. तरी १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की तो सल्ला राहिला म्हणून सरकारचा आदेश रद्द होत नाही. घटनेचा ४३ वा अनुच्छेद पाहा. सर्व कामगारांना निर्वाहवेतन मिळावे यासाठी राज्याने काय करायचे? ‘शॅल एंडेव्हर’. बंधन आहे ते प्रयत्नाचे, वेतनाचे नाही. आणि ३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे तेही न्यायालयातून वसूल करता येत नाही. म्हणून ‘शॅल’ वाचला की त्याच्या पुढचा शब्दही वाचावा.

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी इंग्रजी कागदावर सही करतो. घरभाड्याचा करार असेल, विम्याचा कागद असेल, बँकेच्या कर्जाचा असेल. सही करण्यापूर्वी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘मे’, ‘शॅल’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांखाली रेघ ओढा. मग एकच प्रश्न विचारा: इथे बंधन कोणावर आणि मुभा कोणाला? बंधने सारी आपल्याकडे आणि मुभा सारी त्यांच्याकडे असतील, तर सही थांबवा. विचारायला लाजू नका. मी लाजलो असे नाही. मला कळले आहे असे मला वाटले, आणि ते अधिक वाईट.

तीन वर्षांनी नवा करार झाला. त्यात ‘द कंपनी शॅल पे’ असे मी माझ्यासमोर टाइप करवून घेतले. भत्ता सुरू झाला. मला प्रश्न विचारणारे ते गृहस्थ मात्र आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते.