नदीच्या परिषदेत कोरडवाहूचे काय काम?

(मारुंजी, ता. मुळशी येथे झालेल्या तयारीच्या बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे.)



नद्या पुन्हा वाहत्या करण्याच्या कामावर मारुंजीला एक परिषद भरवायची असे ठरले, तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो आहे. यवतमाळचे विचारतात, परभणीचे विचारतात, मंगळवेढ्याचेही विचारतात. आमची कपाशी आभाळाच्या पाण्यावर, आमची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर. नदीचे पाणी आमच्या वावरात कधी आले नाही आणि येईल अशी आशाही नाही. मग नदीच्या परिषदेत आमचे काय काम? आणि भरवायचीच तर मारुंजीला का? तिथे आता शेतापेक्षा इमारती जास्त.

प्रश्न रास्त आहे. मारुंजीपासूनच सुरुवात करू.

या गावाच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा. शेजारी हिंजवडी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे आयटी पार्क उभे राहू लागले आणि आसपासच्या गावांतल्या जमिनीचा भाव एकराऐवजी चौरस फुटाने बोलला जाऊ लागला. ओढ्याला मात्र भाव नव्हता. सात-बारावर ज्याचे नाव नाही आणि जे वर्षातून चारच महिने वाहते, त्याची कोण फिकीर करतो? 2025 च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्तेच ओढ्यासारखे वाहिले. कॉम्प्युटरवर काम करणारी मुले गुडघाभर पाण्यातून घरी गेली. चौकशी झाली तेव्हा ओढे-नाले कुठे बुजवले, कुठे वळवले, ते पुढे आले. यात आम्हाला आनंद नाही. ती मुलेही आपल्यापैकीच कोणाची तरी आहेत. पण ओढा मेला की नदी मरते आणि त्याआधी गाव बुडते, हे पाहायचे तर मारुंजीसारखी दुसरी जागा नाही.

आता पवना. तिच्यावर धरण झाले 1972 साली. पाणी धरणातून नदीत सोडायचे, ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचे आणि पिंपरी-चिंचवडला द्यायचे, अशी रीत. मधल्या मावळच्या गावांच्या मोटारी त्याच वाहत्या पाण्यावर. पुढे धरणापासून शहरापर्यंत बंद नळाने पाणी न्यायचे ठरले. नळात गळती कमी, पाणी स्वच्छ, हे सगळे खरे. पण नळ झाल्यावर धरणापासून रावेतपर्यंतच्या नदीत वाहायचे काय, हे नदीकाठच्या माणसाला कोणी विचारले नाही. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. त्यानंतर नळाचे काम थांबवावे लागले.

मुळेची कथा त्याहून जुनी. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच नदीवरच्या धरणासाठी. धरण झालेच. मुळशीचे पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला जाते आणि वीज करून कोकणात उतरते. जे खाली येते ते पवनेला दापोडीला भेटते, मग पुण्याच्या संगमावर मुठेला आणि पुढे भीमेला. दोन शहरांचे सांडपाणी घेऊन ही नदी 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनीत शिरते, तिथून पंढरपुरात चंद्रभागा होते. मंगळवेढ्याच्या भावांनो, तुमच्या ज्वारीला उजनीचे पाणी मिळो न मिळो, गावाच्या नळाला काय येते ते एकदा वास घेऊन पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले तेव्हा 311 निघाले, त्यांतले 55 आपल्या महाराष्ट्रात. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

एवढ्यावरून मारुंजी का, ते कळेल. पण तुमचा खरा प्रश्न शिल्लक आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या अशाच परिषदेला आम्ही गेलो होतो. थंड हॉल, पडद्यावर नकाशे. नदी म्हणजे काय, तर पुलापासून पुलापर्यंतचा पट्टा. काठाला दगडी भिंत, वर बाग, बागेत बाकडी. विद्वान बोलले, अधिकारी बोलले, कंपन्यांची माणसे बोलली. आम्हाला शेवटच्या सत्रात पाच मिनिटे मिळाली, तीही जेवणाची घंटा झाल्यावर. त्याआधी एकाने पडद्यावर दाखवून टाकले होते, की नदी बिघडते ती वरच्या शेतातल्या खतामुळे, गाळामुळे आणि बोअरमुळे. त्या हॉलमध्ये उभे राहून त्याला विचारणारे कोणी नव्हते. आमच्याकडे कागदच नव्हता. विषय आधी लेखी दिला नव्हता, म्हणून सत्र नव्हते. सत्र नाही म्हणून ठरावात नाव नाही. आणि ठराव सरकारकडे गेला.

परिषदेचा सगळा खेळ आधीच्या कागदावर होतो, हे आम्ही तिथे शिकलो. कोण बोलणार यापेक्षा कशावर बोलले जाणार हे ज्याने ठरवले, त्याने परिषद जिंकली. म्हणून या वेळी आम्ही उलटे निघालो आहोत. अजून एकही सत्र ठरवलेले नाही. विषय तुमच्याकडून यायचे आहेत आणि पहिला हक्क ज्यांच्या शिवारातून कालवा जात नाही त्यांचा.

कारण नदी तुमच्या वावरात सुरू होते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि कुजलेल्या खडकाच्या फटींत. तोच आपल्या विहिरीचा झरा. पावसाळा सरला की हा झरा हळूहळू नाल्यात उतरतो, आणि दसरा-दिवाळीनंतर, संक्रांतीपर्यंत जी नदी वाहते ती आभाळाच्या नव्हे, या झऱ्याच्या जोरावर. म्हाताऱ्या माणसांना विचारा, बैल नाल्यावर पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पीत होते. ज्या वर्षापासून तो महिना मागे सरकू लागला, त्या वर्षापासून तुमच्या विहिरीचे तळ दिसू लागले असतील. नदी आणि विहीर एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत. शहरातल्या नकाशावर हे दिसत नाही, कारण नकाशा पुलापाशी संपतो.

इथे एक अवघड गोष्ट बोलायची आहे. काही जिल्ह्यांच्या कार्यकर्त्यांनी ती बोलू नका असे सुचवले, तरी बोलतो. बोअर आपणच मारले. दोनशे फुटांवर लागले नाही म्हणून पाचशेवर गेलो. वाळूचा ट्रॅक्टर रात्री कोणाच्या बांधावरून जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. आणि नाल्याच्या काठाची सिंदी, करंज, उंबर तोडून चार तास जास्त काढणारेही आपणच. का काढले? हौस म्हणून नाही. ज्या कपाशीला वेचणीची मजुरीही धड निघेना, ती पेरणारा माणूस धुऱ्यावरचे झाड वाचवील कशाने? भाव नाही म्हणून क्षेत्र वाढवायचे, क्षेत्र नाही म्हणून नाला खायचा. हा हिशेब त्या थंड हॉलमध्ये मांडला गेला नाही. तो मारुंजीला मांडायचा. पण मांडताना आपला भाग झाकून ठेवायचा नाही. निव्वळ सरकारला शिव्या देणारे सत्र आले तर ते आम्ही परत पाठवू, हे आधीच सांगून ठेवतो.

एक उदाहरण देतो, म्हणजे कसला विषय हवा ते कळेल. अमेरिकेत फ्लोरिडात किसिमी नावाची नदी आहे. वळणे घेत घेत 103 मैल वाहायची. पूर येतो म्हणून 1962 ते 1971 या काळात इंजिनियरांनी तिचा 56 मैलांचा सरळ कालवा करून टाकला. दलदली आटल्या, पाखरे गेली, मासे गेले. मग त्याच खात्याला 1999 पासून त्यातला 22 मैलांचा कालवा पुन्हा बुजवावा लागला, ते काम 2021 साली संपले. बुजवायला खोदण्याच्या कितीतरी पट पैसा लागला. आता आपल्याकडे पाहा. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले. बांध, बंदिस्ती, जुन्या तळ्यातला गाळ काढणे ही कामे चांगली झाली, कित्येक गावांत पाणी दिसले. पण यंत्र आले की हात थांबत नाही. कुठे नाल्याचा गाळच काढला, तर कुठे मुरूम फोडून थेट पाषाणाला भिडले. गाळ काढल्याने पाणी मुरते. मुरूम फोडला तर शेजारच्या विहिरीचा झरा उघडा पडून नाल्यात निथळतो आणि उन्हात उडून जातो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी लोकवर्गणीतून मांजरेचे पात्र खोल-रुंद केले गेले. तेव्हा पैसे देणाऱ्यांच्या मनात तळमळ होती, तिला आम्ही नावे ठेवत नाही. पण इतकी वर्षे झाली, आता हिशेब घालायला हवा. तुमच्या गावात जेसीबी येऊन गेला असेल तर त्यानंतर विहिरींचे काय झाले? कोणाची भरली, कोणाची आटली? हे एका गावाने वर्षांच्या आकड्यांसह मांडले तर तेच एक पूर्ण सत्र.

किसिमीची आणखी एक बाब आपल्या कामाची. नदीला पसरायला जागा हवी म्हणून तिथे सरकारने एक लाख एकरांहून जास्त जमीन मिळवली, पैसे मोजून. आपल्याकडे नाल्याच्या दोन्ही काठांना पट्टा सोडा, नांगर घालू नका, खत टाकू नका, असा नियम उद्या आला तर तो पट्टा जाईल कोणाचा? दोन एकरवाल्याचा चौथा हिस्सा त्यातच जाईल. पट्टा सोडायला आमची ना नाही. पण त्या पट्ट्याचे दर वर्षीचे उत्पन्न कोण भरून देणार? शहराने, ज्याला स्वच्छ पाणी हवे? यावर किमान दोन जिल्ह्यांनी मिळून विषय मांडावा, अशी आमची फार इच्छा आहे.

खारपाण पट्ट्यातल्या भावांनी, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्यांनी, मागे राहू नये. तुमच्या विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे वर अडवलेले गोडे पाणी हेच तुमचे धन. मुरमाच्या मुलखासाठी आम्ही आत्ता जे सांगितले ते तुमच्याकडे जसेच्या तसे लागू नाही, ते तुम्हीच येऊन सांगा.

आणि वाळू. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तांदूळवाडीची गोष्ट जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने तो उपसा अडवला. मग गावकऱ्यांनी स्वतःच बेताने थोडी वाळू विकून त्या पैशांतून बळीराजा धरण बांधले. पाणी वाटायचे तेही जमिनीच्या एकरावर नव्हे, घरटी, आणि भूमिहीनांनाही हक्क. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथेही माणशी अर्धा एकर हाच हिशेब होता. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदी पुन्हा वाहू लागली तेव्हा काठच्या सत्तरावर गावांनी आपली संसदच काढली, कारण पाणी आल्यावर भांडण येते. आपल्याकडे नदी वाहती करण्याच्या गप्पा फार होतात. वाहती झाल्यावर पाणी कोणाचे, यावर कोणी तोंड उघडत नाही. ज्याच्याकडे मोटार त्याचे? मग भूमिहीनाने श्रमदान का करावे?

सरकारने 2022 च्या 2 ऑक्टोबरला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले. यात्रा निघाल्या, अहवाल लिहिले गेले. तुमच्या नदीचा अहवाल असेल तर मागून घ्या, ग्रामसभेत वाचा. त्यात चुकीचे काही असेल तर तेवढेच घेऊन या. बरोबर असेल आणि पुढे काही झाले नसेल तर तेही विषय आहे.

बायांचे सत्र वेगळे ठेवू नका, असे कालच्या बैठकीत मायबहिणींनीच सांगितले, आणि ते बरोबर आहे. वेगळे ठेवले की पुरुष चहाला निघून जातात. डोह कधी आटला, धुणे कुठे हलले, हंडा किती लांब गेला, हे ज्यांना तारीख-वार माहीत आहे त्या पहिल्या बोलतील. पुरुष ऐकतील.

आता लिहायचे कसे. एक पान पुरे. आपली मराठी, आपल्या गावची, चालेल. कोणता ओढा, नाला की नदी, ती कुठून निघते आणि कोणाला मिळते. पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायची, आता कोणत्या, आणि हे कोणी पाहिले. गावात यावर भांडण कशाचे आहे, हे दोन ओळींत जरूर लिहा. भांडण नाही असे लिहून आले तर आम्हाला शंका येईल. शेवटी, परिषदेत बाकीच्यांना काय विचारायचे आहे तो एक प्रश्न. एका सत्राला दीड तास. बोलणारे फार तर दोघे, त्यांना मिळून अर्धा तास, उरलेला वेळ बसलेल्यांचा. तज्ज्ञ हवा असेल तर कशाचा ते लिहा, शोधायचे काम आमचे. पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला येईल, भाषण करायला नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगून लिहवून घ्या, त्याचेही नाव खाली घाला.

कागद पुढच्या जिल्हा बैठकीत जिल्हा प्रमुखांकडे द्यायचे आहेत. ते मारुंजीला सगळ्यांसमोर वाचले जातील. जे घेता आले नाहीत ते का घेतले नाहीत, हे या अंकात छापू. परिषदेची तारीख वेचणी आणि ज्वारीची काढणी सांभाळून ठरवायची आहे, म्हणून तुमच्याकडे सुगी कधी आटोपते तेही त्याच कागदावर लिहा. राहण्याची सोय गावात होईल. सतरंजी आणि पांघरूण आपले आणावे, मारुंजीत रात्री गार वारा असतो. आणि प्रत्येक गावाने आपल्या नाल्याच्या तळचा, जेसीबीने उकरलेला असो की जुना, मूठभर मुरूम पिशवीत बांधून, वर गावाचे नाव लिहून आणावा. भूजलाची जाण असलेली माणसे बोलावणार आहोत, त्यांच्यापुढे तो ओतायचा आहे.