प्रार्थनेच्या यादीत न येणारा आजार

 

ख्रिस्ती लोकांचं संमेलन आणि तेही गुरुवारी, असं बाहेरगावच्या पाहुण्यांनी विचारलं. इथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी ठरलेला हा वार आता बाजाराचा, लग्नाच्या बोलणीचा आणि झोप भरून काढण्याचा वार झाला आहे. रविवारी उपासना सुरू होते तेव्हा इथले कितीतरी ख्रिस्ती कामगार मशीनवर उभे असतात. एखादा तीन महिने चर्चमध्ये दिसला नाही, तर तो शिफ्टमुळे आला नाही की अंथरुणातून उठण्याची उमेदच गेली म्हणून आला नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मानसिक आजार हा या संमेलनाचा विषय ठरला तो यातूनच.

हे गाव तसं औषधाच्या कारखान्यापासून वाढलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशी पेनिसिलिन इथून बाहेर पडू लागलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, बजाज आली, टेल्को आली. अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, राहुरी-श्रीरामपूर-संगमनेरकडची ख्रिस्ती कुटुंबं नोकरीसाठी इकडे आली आणि खराळवाडीपासून निगडीपर्यंत वसली. या साऱ्या काळात पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कुठल्याही पाळकाने ऐकवलं नसेल. नैराश्याची गोळी घेणाऱ्याला मात्र हे ऐकावं लागतं. कधी घरात, कधी प्रार्थनेच्या गटात, आणि बोलणारी माणसं बहुधा प्रेमानेच बोलत असतात, ही त्यातली खरी पंचाईत.

भक्तीच्या वेळी वाचली जाणारी विनंतीची यादी आठवून पाहावी. अमक्याची बायपास, तमकीचं बाळंतपण, कुणाचा मोडलेला पाय, कुणाची बारावी. सगळं नावानिशी. त्या यादीत नैराश्य येत नाही, स्किझोफ्रेनिया येत नाही, दारू सोडताना होणारी तडफड येत नाही. आलंच तर ‘एका कुटुंबाच्या खास हेतूसाठी’ असं येतं. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण म्हणून चाकण त्यातून सुटलं असं मानायला आधार नाही. संमेलनाच्या स्वागत समितीचं म्हणणं एवढंच आहे, की रुग्णाची संमती असेल तर हे आजारही नावाने प्रार्थनेत यावेत, आणि आमेन म्हणून झाल्यावर त्याला डॉक्टरकडे नेणारा एक माणूस मंडळीतच सापडावा.

मंडळीला हा विषय परका नाही. मराठीच्या छापील इतिहासातच तो बसलेला आहे. मिशनरी विल्यम केरीने श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, छापखान्यातून १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. त्याचं श्रेय केरीला आणि पंडित वैजनाथांना आपण देतो. त्याच घरात केरीची पत्नी डोरोथी होती. भारतात आल्यावर वर्षभरातच, १७९४ मध्ये, तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर तिच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरला नाही. नवऱ्याबद्दल तिला भ्रम होत, ती अनावर होई, तिला खोलीत बंद ठेवावं लागे. शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करत बसलेला असे. केरीवरची प्रवचनं इथल्या प्रत्येकाने ऐकली असतील, डोरोथीवरचं मात्र क्वचितच कुणी. तिच्या काळी औषध नव्हतं, हे खरं. पण दोनशे वर्षांनंतर ते मिळत असताना घरातल्या आजारी बाईला आतल्या खोलीत ठेवण्याची रीत अजून चालू आहे, त्याला सबब कुठली?

लक्ष्मीबाई टिळकांनी तर काहीच आत ठेवलं नाही. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच घरातल्या अशा दुखण्याने होते. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, त्याचा धसका लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी घेतला आणि सोवळ्याचं वेड असं भिनलं, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येईना. त्यापायी घरच्या बायकांचे काय हाल झाले ते लक्ष्मीबाईंनी मिस्कीलपणे आणि काही न लपवता लिहिलं. मराठी ख्रिस्ती साहित्यातलं सर्वांत लाडकं पुस्तक हे असं आहे.

प्रार्थना की डॉक्टर, हा वाद जे घालतात त्यांनी ई. स्टॅन्ली जोन्स यांचं चरित्र पाहावं. हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले आणि आठ-नऊ वर्षांत कामाच्या ताणाने मनाने पार कोसळले. रजा घेऊन मायदेशी गेले, परत आले, पुन्हा कोसळले. लखनौच्या चर्चमध्ये एका रात्री प्रार्थना करताना आपल्याला बरं वाटलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. इथवरची गोष्ट साक्षीच्या सभांत सांगितली जाते. पुढची बहुधा राहून जाते. प्रार्थनेने सावरलेल्या याच माणसाने १९५० मध्ये लखनौलाच नूर मंझिल हे मनोविकार केंद्र सुरू केलं.

पवित्र शास्त्रालाही हा विषय वर्ज्य नाही. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. आठवडाभर थर्ड शिफ्ट करून उन्हात, पत्र्याच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करणाऱ्या निघोजे-खराबवाडीच्या ट्रेनी मुलाला कदाचित आधी हेच हवं असेल. आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचं वळण घेत नाही. तेही देवाच्याच पुस्तकात आहे.

एक कडू गोष्ट पाहुण्यांसमोरच सांगायला हवी. सैतान काढण्याच्या नावाखाली आजारी माणसाला मारणं, बांधून ठेवणं, औषधं बंद करायला लावणं हे काही सभांमधून होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवला. तो कायदा दुसऱ्या धर्माच्या बुवांसाठी आहे असं समजून आपण निर्धास्त राहिलो. स्वागत समितीला ही समजूत मान्य नाही.

आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या घरी मंडळी कशी वागते, हा त्याहून अवघड प्रश्न. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेने अशा माणसाला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं, १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी कमी होते असं सांगितलं आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये असंही. भारतीय कायदा इथे चर्चच्या मागून आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. दफनभूमीतली कुजबुज मात्र अजून १९१७ मध्येच आहे.

आता उपयोगाचं. ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी कापली जाते त्यांच्यासाठी मोहननगर, चिंचवडचं रुग्णालय आहे. फार थोड्यांना माहीत असतं, की स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्य हे ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. दोन वर्षं नोकरी झालेली असेल आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर पगाराच्या ८० टक्के इतका भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. ‘रजा टाकली तर सुपरवायझरला कळेल’ या भीतीने हा हक्क किती जणांनी सोडून दिला असेल! १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. थर्ड शिफ्टवाल्याला रात्री तीन वाजता दुसरं कोण भेटणार?

पिंपरीतलं खराळवाडीचं चर्च दुःखितांचं सांत्वन करणाऱ्या मातेला वाहिलेलं आहे. निदान या गावात तरी या विषयावर दबक्या आवाजात बोलण्याचं कारण नाही. म्हणून मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्या खोल्या मंडपामागे न ठेवता मुख्य दाराशेजारी ठेवल्या आहेत, पाटीसकट. ईएसआयचे अर्ज समजावून देणारे दोघे निवृत्त कामगार चहाच्या टेबलाजवळ बसले आहेत. चाकणच्या ज्या कंपन्यांना आज सुट्टी नाही, तिथल्या सेकंड शिफ्टच्या मंडळींसाठी जेवण साडेअकराला लागेल, त्यामुळे पहिलं सत्र लांबवू नये ही वक्त्यांना विनंती. आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत.