अनुभवी परिचारिका : पदोन्नतीची शिडी आणि रुग्णसेवेचा समन्वय



जिल्हा रुग्णालयाच्या कक्षातून पक्षाघाताचा एखादा रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा त्याच्या नातेवाइकांच्या हाती एक कागद दिला जातो. त्यावर औषधांची नावे आणि पुढील तपासणीची तारीख असते. मात्र त्यांच्या मनातले प्रश्न त्या कागदात मावत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतील का? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाला दर किती वेळाने कुशीवर वळवायचे? विमा योजनेच्या कागदांवर कोणाची सही लागते? डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेलेले असतात. अशा वेळी नातेवाईक कक्षातील सर्वांत अनुभवी सिस्टरकडे वळतात आणि ती हातातले काम सांभाळून त्यांना सारे समजावून सांगते.

या कामाला जगात 'केस मॅनेजमेंट' असे नाव आहे. मराठीत त्याला 'रुग्णसेवा समन्वय' म्हणता येईल. रुग्णाची गरज ओळखणे, उपचारांची आखणी करणे, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, विमा यंत्रणा आणि कुटुंब यांच्यात दुवा जोडणे आणि रुग्ण घरी गेल्यावरही त्याचा पाठपुरावा करणे, असे त्याचे स्वरूप आहे. भारतात हे काम अनुभवी परिचारिका रोज करतात; परंतु त्यासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पद नाही, राखीव वेळ नाही आणि वेतनात त्याची नोंदही नाही. परिचर्या व्यवसायातील अनुभवाचे मोल कसे ठरते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

समन्वयाची परंपरा

या कल्पनेची मुळे सार्वजनिक आरोग्य परिचर्येत आहेत. १८९३ साली लिलियन वाल्ड या परिचारिकेने न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघरी जाऊन रुग्णसेवा सुरू केली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'हेन्री स्ट्रीट सेटलमेंट' या संस्थेने आजाराबरोबरच घर, रोजगार आणि शिक्षण यांचाही विचार केला. रुग्णाची समस्या केवळ वैद्यकीय नसते, हे या कामाने दाखवून दिले.

अमेरिकेत या कामाला व्यवसायाचे रूप मिळण्यामागे आर्थिक कारणही होते. १९८३ साली तेथील 'मेडिकेअर' या ज्येष्ठांच्या शासकीय विमा योजनेने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी आजाराच्या गटानुसार आधीच ठरवलेली रक्कम देण्याची पद्धत आणली. रुग्ण जास्त दिवस राहिला तर तोटा रुग्णालयाचा होऊ लागला. त्यामुळे रुग्णाला योग्य वेळी आणि सुरक्षितपणे घरी पाठवण्याच्या नियोजनाला महत्त्व आले आणि त्यासाठी अनुभवी परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या. १९९० साली अशा व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

या वाटेने परिचारिकांना नवे पद मिळाले, तसाच नवा पेचही मिळाला. पैसे देणाऱ्या यंत्रणेला खर्च आटोपता हवा असतो, तर रुग्णाला आणखी दोन दिवस खाट हवी असते. परिचारिका या दोघांच्या मध्ये उभी असते. तिचे व्यावसायिक मत स्वतंत्र राहील याची हमी नसेल, तर समन्वयाचे काम केवळ खर्च कमी करण्याचे साधन बनते. एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवावेत, हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. ही संख्या वाढली की पाठपुरावा नावापुरता उरतो.

भारताला हा अनुभव दूरचा राहिलेला नाही. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे आणि रुग्णालयांना उपचारनिहाय ठरावीक दर दिले जातात. २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना या योजनेत सामावून घेण्यात आले. वृद्ध रुग्णांना बहुधा एकाच वेळी दोन-तीन आजार असतात आणि त्यांची खरी कसोटी रुग्णालयातून घरी गेल्यावर लागते. योजनेच्या कागदपत्रांसाठी 'आरोग्यमित्र' आहेत. परंतु जखमेची स्थिती, औषधांचे परिणाम आणि घरातील शुश्रूषा यांचा विचार करण्यासाठी परिचर्येचे ज्ञान लागते. कर्करोग रुग्णांना उपचारांच्या वाटेवर साथ देणारे मनुष्यबळ घडवण्यासाठी टाटा स्मारक केंद्राने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'केवट' हा अभ्यासक्रम सुरू केला. नावेतून पैलतीरी पोहोचवणाऱ्या केवटाचे नाव त्याला देण्यात आले, हे अर्थपूर्ण आहे.

शिडीच्या पायऱ्या

भारतातील परिचर्या शिक्षणाचा आधुनिक टप्पा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सुरू झाला. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. शिक्षण पदविकेपासून पीएच.डी.पर्यंत विस्तारले, परंतु सेवेतील पदांची शिडी त्या प्रमाणात रुंदावली नाही.

महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी चढती पदे आहेत. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६ पासून 'स्टाफ नर्स' ऐवजी 'नर्सिंग ऑफिसर' हे पदनाम आले. सातव्या वेतन आयोगानुसार हे पद सातव्या वेतनस्तरात असून त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. पदोन्नती न मिळालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर सुधारित आश्वासित प्रगती योजनेचा आर्थिक लाभ मिळतो.

या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली उणीव अशी की, वरची पदे थोडी आणि खालची पुष्कळ असल्याने अनेक परिचारिकांच्या वेतनात वाढ होते. पण पद आणि अधिकार तेच राहतात. वीस वर्षे अतिदक्षता विभागात काढलेली परिचारिका आणि दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली परिचारिका कागदोपत्री एकाच पदावर असू शकतात. दुसरी उणीव अधिक खोल आहे. शिडीची प्रत्येक पायरी परिचारिकेला रुग्णाच्या खाटेपासून दूर नेते. परिसेविका झाली की साठ्याच्या नोंदी व पाळ्यांचे तक्ते आणि अधिसेविका झाली की प्रशासन. रुग्णसेवेतच राहून कौशल्याच्या बळावर वर जाण्याची वाट अरुंद आहे. परिचर्या व्यवसायाच्या अशाच प्रश्नांचा विचार करण्यासाठी १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमण्यात आली होती. त्यावरून हा प्रश्न किती जुना आहे हे ध्यानी येते.

नव्या वाटा आणि त्यांच्या मर्यादा

गेल्या दशकात काही वाटा खुल्या झाल्या. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण ठरवण्यात आले. त्याच वर्षी आयुष्मान भारत कार्यक्रमात उपकेंद्र पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना व आयुर्वेद पदवीधरांना त्यासाठी पात्र ठरवण्यात आले. सुमारे ५,००० लोकसंख्येची, तर डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येची जबाबदारी या अधिकाऱ्याकडे असते. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची नोंद, नियमित औषधे, वरच्या रुग्णालयाकडे पाठवणी आणि तेथून परतलेल्याची विचारपूस ही त्याची कामे पाहिली, तर रुग्णसेवा समन्वयाचे हे ग्रामीण रूपच आहे.

तथापि, हे पद मुख्यत्वे कंत्राटी आहे. मानधनाचा काही भाग कामगिरीवर आधारित असतो आणि पुढील पदोन्नतीचा मार्ग सर्व राज्यांत स्पष्ट नाही. नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. पदवी मिळते, पण त्या पदवीला साजेसे मंजूर पद आणि ठरावीक औषधे लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार नसेल, तर ती परिचारिका पुन्हा जुन्याच जागी काम करते. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत झाला. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांच्याबरोबर कार्यकक्षेचा प्रश्न तो किती सोडवतो, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

कामाच्या जागेचे प्रश्न

अनुभवी परिचारिका टिकून राहायची असेल, तर कामाची जागा सुसह्य हवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ३ रुग्णांमागे आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. प्रत्यक्षात रात्रपाळीत एकटीने मोठा कक्ष सांभाळण्याची वेळ अनेकींवर येते. अशा पाळीत समजावून सांगण्याचे काम सर्वांत आधी मागे पडते आणि त्याची किंमत घरी गेलेला रुग्ण मोजतो.

खाजगी क्षेत्रात वेतनाचा प्रश्न तीव्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतके वेतन असावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस तिने केली. परिचारिकांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये किमान मूळ वेतन २०,००० रुपये करण्याची अधिसूचना काढली. शिफारशीला बंधनकारक नियमाचे रूप देणे राज्यांच्या इच्छाशक्तीवर अवलंबून असते, हा यातील धडा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्राला विसरता येणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर कामाच्या जागीच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि २०२० मधील साथरोग कायद्याची दुरुस्ती ही पुढची पावले होती. तरीही २०२४ मध्ये कोलकात्यातील रुग्णालयात तरुण डॉक्टरची हत्या झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमावे लागले. प्रकाश असलेली वाट, विश्रांतीची सुरक्षित खोली आणि रात्रीची वाहनव्यवस्था या साध्या गोष्टी कायद्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचर्या कर्मचारी आहेत आणि तरीही ५८ लाखांची कमतरता आहे. ही तूट भरून काढणाऱ्या श्रीमंत देशांना अनुभवी हात हवे असतात. परदेशी जाणे हा परिचारिकेचा हक्क आहे. देशाने विचार करायचा तो तिच्या जाण्यामागील कारणांचा.

पुढील दिशा

चार उपाय व्यवहार्य दिसतात. एक, रुग्णसेवेतच राहून वर जाता येईल अशी कौशल्याधारित पदश्रेणी प्रशासकीय श्रेणीच्या जोडीने निर्माण करणे. दोन, जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करून अनुभवी परिचारिकांसाठी रुग्णसेवा समन्वयकाची मंजूर पदे निर्माण करणे आणि प्रत्येकीकडे सोपवायच्या रुग्णांची कमाल संख्या ठरवणे. तीन, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना नियमित सेवेकडे नेणारा मार्ग आखणे. चार, सेवांतर्गत शिक्षणाला पदोन्नतीशी जोडणे आणि त्यासाठी ड्यूटीतून वेळ देणे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवी शासकीय परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. त्यातून नव्या परिचारिका येतील. परंतु त्यांना कक्षात शिकवणारी, चूक होण्याआधी हात धरणारी परिचारिका वीस वर्षांच्या सेवेनेच घडते. मनुष्यबळाच्या नियोजनात भरतीचे आकडे सहज दिसतात. सेवा सोडून गेलेल्यांचा अनुभव कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

मित्रहो, आज परीक्षेसाठी समित्या आणि कायद्यांची वर्षे पाठ करणाऱ्यांपैकी काहीजण उद्या जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. रिक्त पदांची नस्ती त्यांच्या टेबलावर येईल. ती वाचताना घरी निघालेला तो रुग्ण आणि त्याच्या नातेवाइकांना समजावून सांगणारी ती सिस्टर, या दोघांचा विचार झाला, तर त्या नस्तीवरील निर्णय अधिक योग्य होईल.