आठ तासांनी म्हणजे आठ तासांनी



औषधशास्त्राच्या निवृत्त मास्तराला तुम्ही डॉक्टर व औषधविक्रेत्यांनी संमेलनाचे अध्यक्ष केलेत, म्हणजे भाषणाचा तास होणार हे ओळखूनच केले असणार. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. संमेलन पिंपरीत आहे. १९५४ साली केंद्र सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी केली आणि पुढच्याच वर्षी इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या गावात उभे राहून दुसऱ्या औषधावर बोलणे बरे दिसले नसते.

फ्लेमिंग, १९२८, काचेच्या बशीतली बुरशी ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती मी सांगत नाही. मला बोलायचे आहे ते पेनिसिलिन शरीरात शिरल्यापासून संपेपर्यंत त्याचे काय होते यावर. आपण चिठ्ठीवर 'दिवसातून तीनदा' लिहितो किंवा पाकिटावर तीन रेघा मारतो, तेव्हा तो सगळा प्रवास आपण रुग्णाच्या हाती सोपवत असतो, आणि त्याला त्यातले अक्षरही सांगत नाही.

जिवाणूला आपल्या पेशीला नसलेली एक गोष्ट असते: भिंत. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, अशी ती वीण. गावाकडच्या बाजेसारखी, आडवा सुंभ बसला नाही तर उभा कितीही ताणा, बाज वजन घेत नाही. जिवाणूच्या आतला दाब मोठा असतो, म्हणून ही वीण पक्की लागते. आडवा दुवा बांधणारे एन्झाइम साखळीवरच्या अमिनो आम्लांच्या दुव्याच्या टोकाशी असलेली डी-ॲलनिनची जोडी ओळखते, तिच्यातले शेवटचे ॲलनिन तोडते आणि उरलेले टोक शेजारच्या साखळीला जोडते. पेनिसिलिनचा आकार या जोडीशी जुळतो, असे १९६५ मध्ये टिपर आणि स्ट्रोमिंजर यांनी मांडले. एन्झाइम फसते, पेनिसिलिनला पकडते, आणि पेनिसिलिनमधले चार अणूंचे ताणलेले बीटा-लॅक्टम वलय उघडून त्याला चिकटून बसते. नेहमीचे काम क्षणात उरकणारे एन्झाइम इथे अडकते ते अडकतेच. जुनी वीण कापणारी जिवाणूची स्वतःची एन्झाइमे मात्र आपले काम चालूच ठेवतात. बांधणी थांबली, कापणी सुरू, भिंत फाटते.

यातून दोन गोष्टी निघतात. विषाणूला अशी भिंतच नाही, म्हणून सर्दी-फ्लूवर अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिन देणे म्हणजे नसलेल्या घराची कडी वाजवणे. हे आपल्याला ठाऊक असते, तरीही आपण देतो. त्यावर मी आज जास्त बोलत नाही, कारण त्याचे कारण औषधशास्त्रात नाही, आपल्या बाकड्यावर वाट पाहणाऱ्या गर्दीत आहे. दुसरी गोष्ट: पेनिसिलिन वाढत्या जिवाणूलाच मारते. वाढ रोखणारे औषध सोबत दिले की त्याचीच धार बोथट होऊ शकते. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनला क्लोरटेट्रासायक्लिनची जोड दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कितीतरी जास्त झाले, हे १९५१ सालीच लेपर आणि डाउलिंग यांनी दाखवले. दोन औषधे म्हणजे दुप्पट बळ, असा हिशेब इथे चालत नाही.

आता प्रवास. मूळ 'पेनिसिलिन जी' पोटातल्या आम्लात फुटते, म्हणून ते सुईनेच द्यावे लागे. अमॉक्सिसिलिन आम्लात तगते, आणि आतड्यात प्रथिनांचे तुकडे आत घेणारा जो वाहक आहे तो त्यालाही उचलून घेतो. ते जेवणाआधी घेतले काय, नंतर घेतले काय, फारसे बिघडत नाही. ॲम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन मात्र उपाशीपोटी हवे. तिन्ही औषधे एकाच घराण्यातली म्हणून तिन्हींच्या पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

रक्तात पोचलेले औषध तिथे टिकत नाही. मूत्रपिंडातले वाहक त्याला रक्तातून उचलून लघवीत टाकतात, नुसत्या गाळण्याने जाईल त्याहून कितीतरी वेगाने. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट आलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचले, तेव्हा तिथले संशोधक फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्याजवळचा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्यालाच पुन्हा टोचले जाई. तो सुधारू लागला होता. साठा संपला, आजार उलटला, आणि मार्चमध्ये तो गेला. पुढे मूत्रपिंडातले हे वाहक अडवण्यासाठी प्रोबेनेसिड आले. दुसरी युक्ती बेन्झाथीन पेनिसिलिनची: स्नायूत साठून राहणारे, आठवडेच्या आठवडे थोडे थोडे पाझरणारे. ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ लागलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी हीच सुई तारते. महागडी नवी औषधे दुकानात रांगेने मांडलेली असतात आणि ही स्वस्त सुई मिळत नाही, याची मला चीड येते.

पेनिसिलिन जीचे रक्तातले प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्मे होते, अमॉक्सिसिलिनचे सुमारे तासाभरात. म्हणजे आठ तासांत अमॉक्सिसिलिन आठ वेळा निम्मे होते: २५६वा भाग. पेनिसिलिनच्या बाबतीत शिखर किती उंच गेले याला फारसे महत्त्व नाही. जिवाणूला पुरेल त्या पातळीच्या वर ते किती वेळ राहिले, याला आहे. रुग्ण विचारतो, 'दुपारची राहिली, रात्री दोन घेऊ का?' दोन गोळ्यांनी त्याला जास्तीचा फक्त एक तास मिळतो. आणि सकाळी ८, दुपारी २, रात्री ९ अशा जेवणांमागून घेतलेल्या गोळ्यांत रात्रीची खिंड ११ तासांची पडते.

शेवटी औषधाचे मोडणे. ज्या ताणलेल्या वलयामुळे पेनिसिलिन मारते, त्याच वलयामुळे ते मोडते. आम्ल ते फोडते, पाणीही हळूहळू फोडते. म्हणून इंजेक्शनची पूड ऐन वेळी कालवायची, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे कालवलेले सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे. उरलेली बाटली पुढच्या तापासाठी जपून ठेवणाऱ्या आईला हे सांगायला दहा सेकंद लागतात. आपल्या शरीरात उघडलेले वलय आपल्याच प्रथिनांना चिकटते आणि ॲलर्जीची ठिणगी बहुधा तिथेच पडते.

जिवाणूही तेच वलय फोडतो. त्याचे बीटा-लॅक्टमेज हे भिंत बांधणाऱ्या एन्झाइमाचेच भाऊबंद मानले जाते. तेही पेनिसिलिनला तसेच पकडते, पण पाण्याच्या मदतीने लगेच सोडून देते, मोडून. एब्राहम आणि चेन यांनी अशा एन्झाइमाची नोंद डिसेंबर १९४० मध्ये छापली. आलेक्झांडरला पहिली सुई टोचली त्याच्या आधी. शत्रू औषधाच्याही आधी हजर होता. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या एन्झाइमाला गुंतवून ठेवते, म्हणून अमॉक्सिसिलिनशी त्याची जोडगोळी चालते. पण २००९ मध्ये जगासमोर आलेले एनडीएम-१ हे बीटा-लॅक्टमेज जस्ताच्या आधाराने काम करते. ते क्लॅव्ह्युलॅनेटला दाद देत नाही, आणि कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही फोडते.

अशा काळात 'कोर्स पूर्ण करा' एवढाच मंत्र पुटपुटणे मला अपुरे वाटते. किती दिवस, हे आजार ठरवतो. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीला आजही दहा दिवस सांगतात, तर साध्या न्यूमोनियात कमी दिवस पुरतात असे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. पण किती तासांनी, हे औषध ठरवते, आणि तेच आपण कुणाला सांगत नाही.

म्हणून समारोपाची वाट न पाहता मी या सभागृहापुढे एक ठराव ठेवतो. पेनिसिलिन गटातल्या प्रत्येक औषधाच्या पाकिटावर तीन रेघांऐवजी घड्याळाच्या वेळा मराठीत लिहाव्यात: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. सिरपच्या बाटलीवर कालवल्याची आणि फेकायची तारीख लिहावी. पट्टी कापून देताना मुदतीची तारीख ग्राहकाच्या तुकड्यावर राहील असे कापावे. डॉक्टरांनी चिठ्ठीत तास लिहावेत, म्हणजे औषधविक्रेत्याला अंदाज करावा लागणार नाही. यासाठी सरकारी परिपत्रकाची गरज नाही, एका बॉलपेनची आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करावेत, ही विनंती.