दहा मिनिटांची चाचणी आणि तिचा भरंवसा

बुरशी म्हटली कीं ओल्या भिंतीवरचा काळा थर किंवा लोणच्याच्या बरणींत आलेला पांढरा बुरा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु याच वर्गांतील कांहीं सूक्ष्म जीव मनुष्याच्या प्राणावर बेततात, हें पुष्कळ सुशिक्षितांनाहि ठाऊक नसतें. क्रिप्टोकोकस ही अशीच एक बुरशी होय. कबुतरांची विष्ठा मिसळलेल्या मातींत ती आढळते व श्वासावाटे फुप्फुसांत शिरते. निकोप प्रकृति तिला बहुधा दाद देत नाहीं, पण एच्. आय्. व्ही. मुळें ज्याची प्रतिकारशक्ति खचली आहे, त्याच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोंचते. मग डोकेदुखी, ताप, भ्रम आणि उपचार न झाल्यास मृत्यु, असा क्रम ठरलेला असतो.

हा रोग ओळखण्याची जुनी रीत अशी, कीं पाठीच्या कण्यांत सुई घालून तेथील द्रव काढावयाचा, त्यांत काळी शाई मिसळावयाची आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा. चंद्राभोवतीं खळें पडावें तशा या पेशी आपल्या आवरणासह शाईंत उठून दिसतात. मात्र पेशी थोड्या असल्या तर तयार डोळाहि फसतो. बुरशी प्रयोगशाळेंत वाढवून पाहण्याची दुसरी रीत आहे. पण तिला कित्येक दिवस लागतात, आणि रोग तितके दिवस थांबत नाहीं.

२०११ सालीं अमेरिकेंत एका कागदी पट्टीस मान्यता मिळाली. बुरशीच्या आवरणाचे जे अंश रक्तांत व कण्याच्या द्रवांत उतरतात, त्यांस प्रतिजन म्हणतात. ते या पट्टीवर पकडले जातात. दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या तर होकार, एकच उमटली तर नकार. युगांडा व दक्षिण आफ्रिका येथील रोग्यांवर झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पट्टीनें शंभरांतील सुमारें ९९ रोगी ओळखले. शाईनें ८६ आणि संवर्धनानें ९० ओळखले.

इतकी अचूक चाचणी सरसकट सर्वांची कां करूं नये? येथें थोडें गणित मांडावें लागतें. समजा, प्रतिकारशक्ति खचलेल्या १००० जणांपैकीं ६० जणांस ही बाधा आहे. पट्टी त्यांपैकीं ५९ ओळखील आणि उरलेल्या ९४० पैकीं सुमारें ९ जणांस चुकून होकार देईल. म्हणजे ६८ होकारांत ५९ खरे. आतां समजा, १००० निकोप माणसांत एकच बाधित आहे. तेथें खरा होकार एक आणि खोटे सुमारें १० ! पट्टी तीच, बदलला तो तपासला जाणारा समाज. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एच्. आय्. व्ही. नें फार क्षीण झालेल्यांचें रक्त या पट्टीनें तपासावयास सांगते. त्यांच्या रक्तांत प्रतिजन लक्षणांच्या कित्येक आठवडे आधीं दिसूं शकतो. कण्याचा द्रव तपासून मेंदूला बाधा नाहीं असें ठरलें, तर वेळींच दिलेल्या फ्ल्यूकोनाझोलनें पुढचें संकट टाळतां येतें.

पट्टीच्या मर्यादाहि जाणून असाव्यात. प्रतिजन अतोनात असला तर ती क्वचित् नकार दाखविते. नमुना पातळ करून पुन्हां तपासल्यास खरा निकाल मिळतो. रोग आटोक्यांत आल्यावरहि प्रतिजन महिनोन् महिने रेंगाळतो; म्हणून बरें झाल्याचा दाखला तिच्याकडून घेतां येत नाहीं.

शिवाय एका बुरशीच्या चाचणीचा भरंवसा दुसरीला लावतां येत नाहीं. २०२१ सालीं महाराष्ट्रांत म्युकर बुरशीनें अनेकांचे डोळे व जबडे ग्रासले, तेव्हां तिच्यासाठीं अशी भरंवशाची पट्टी वैद्यांच्या हातीं नव्हती. नाकांतील पेशीजाल काढून सूक्ष्मदर्शकाखालींच पाहावें लागे, आणि विलंबाची किंमत रोग्यास मोजावी लागे.

तात्पर्य, चाचणीचा कागद हातीं आल्यावर श्रोत्यांनीं वैद्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही चाचणी नेमक्या कोणत्या बुरशीची, आणि या रोग्यास ती बाधा होण्याचा संभव मुळांत किती? त्या उत्तरांवांचून होकारानें हबकूं नये, आणि लक्षणें वाढत असतां केवळ नकारावर विसंबून घरीं बसूं नये.